तीन रात्री आणि एक पहाट : दक्षिण मुंबई पायी पाहताना

मुंबईला मी आजवर किमान वीस वेळा तरी गेले असेन; कधी आईच्या उपचारांसाठी, कधी लग्नकार्यासाठी, कधी कार्यालयीन कामासाठी. दरवेळी दिवेलागणीच्या आत कोणाच्या तरी घरी पोहोचायचे, हा शिरस्ता मात्र कधी मोडला नव्हता. मी कोल्हापूर जिल्ह्यातील एका शाळेत चित्रकला शिकवते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या भिंतींवरील दगडी पाने, पक्षी आणि प्राणी बॉम्बे स्कूल ऑफ आर्टच्या, म्हणजे आजच्या सर ज. जी. (जे. जे.) कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी घडवले, हे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आले. पण ती इमारत मी नेहमी गर्दीच्या रेट्यात, हातातली पिशवी सांभाळत, ओझरतीच पाहिली होती. रस्ता मोकळा झाल्यावर समोर निवांत उभे राहून ती पाहावी, ही जुनी इच्छा मी फेब्रुवारी २०२५ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, एकटीने पूर्ण केली. रात्री अनोळखी शहरात चालण्याची ज्यांना इच्छा आहे आणि धाकधूकही आहे, त्यांच्यासाठी हा सगळा क्रम जसा घडला तसा लिहीत आहे.

तयारीची सुरुवात १४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी आठ वाजता झाली. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते, त्यामुळे १२ फेब्रुवारीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसचे तिकीट त्याच दिवशी काढता आले. एकट्याने प्रवास करणाऱ्या ४५ वर्षे व त्यावरील स्त्रियांना खालच्या बर्थच्या कोट्यातून आरक्षण मागता येते. अर्ज भरताना तो पर्याय आपणच निवडावा लागतो. तिकिटाच्या पीएनआर क्रमांकावर स्थानकातील विश्रामकक्ष मिळतो का, हेही पाहिले, परंतु मला हव्या असलेल्या तारखांना जागा नव्हती.

मग फोर्ट परिसरातील हॉटेलांना फोन करण्यात दोन आठवडे गेले. पाचपैकी दोन ठिकाणी, एकटी स्त्री राहणार आहे हे कळताच खोल्या भरल्याचे सांगण्यात आले. त्या फोननंतर मन खट्टू झाले आणि बेत रद्द करावा असेही एकदा वाटले. उरलेल्या तिघांना मी भाड्याआधी तीन प्रश्न विचारले : रात्री मुख्य दरवाजा किती वाजता बंद होतो, त्यानंतर उघडून देण्यासाठी कोण जागे असते, आणि खोलीच्या दाराला आतून कडी आहे का. ज्या हॉटेलने या प्रश्नांची सरळ उत्तरे दिली, तिथे दिवसाला १,८५० रुपये भाड्याने चार दिवसांसाठी खोली ठरवली. याहून तीनशे रुपयांनी स्वस्त खोली उपलब्ध होती, पण तिथे दरवाजा साडेदहाला बंद होत असे आणि तो नंतर उघडला जाईल याची खात्री कोणी देईना.

दुसरी तयारी भाचीबरोबरची होती. ती डोंबिवलीला राहते. माझा बेत ऐकून ती म्हणाली, "मावशी, मी येते ना सोबत." तिच्या नोकरीच्या वेळा पाहता ते शक्य नव्हते आणि मला हे एकटीनेच करायचे होते. शेवटी आम्ही एक रीत ठरवली. रोजच्या मार्गावर तीन थांबे आणि त्यांच्या वेळा मी तिला आधी लिहून पाठवायच्या. प्रत्येक थांब्यावर पोहोचल्याचा एक शब्दाचा संदेश द्यायचा. वीस मिनिटे उशीर झाला तर तिने फोन करायचा, दोनदा उचलला नाही तर हॉटेलला आणि त्यानंतर थेट ११२ या आपत्कालीन क्रमांकाला. व्हॉट्सॲपवरील थेट स्थान पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तासांसाठी पाठवता येते. मी आठ तासांचा पर्याय निवडत असे. त्याने बॅटरी लवकर उतरते, म्हणून पॉवर बँक सोबत ठेवणे भागच होते. तरीही थेट स्थानापेक्षा ठरलेल्या वेळेच्या संदेशाचा आधार मला अधिक वाटला, कारण फोन हातातून गेला तर नकाशावरचा ठिपका खुशाल पुढे सरकत राहील, पण ठरलेला शब्द येणार नाही.

गुरुवारी, १३ फेब्रुवारीला, सकाळी मुंबईत उतरले. हॉटेलच्या नोंदवहीत नाव, पत्ता, कोठून आलात, कशासाठी आलात, किती दिवस राहणार, हे सगळे भरावे लागते आणि ओळखपत्राची प्रत द्यावी लागते. मी आधारची मास्क केलेली प्रत घरूनच छापून नेली होती. तीत क्रमांकाचे शेवटचे चारच अंक दिसतात आणि ती आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून विनामूल्य मिळते. हॉटेलचे कार्ड मागून घेऊन पत्ता पाठ केला. रात्री कोणी विचारले तर उत्तर अडखळत येऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू होता.

त्या दिवशी दुपारी मी केलेले काम या संपूर्ण प्रवासातले सर्वांत उपयोगी ठरले. रात्री जो रस्ता चालायचा, तोच मी दुपारी चार ते सहा या वेळेत वही घेऊन चालले. टर्मिनसपासून महापालिका मुख्यालयासमोरून दादाभाई नौरोजी रस्त्याने हुतात्मा चौक हे अंतर जेमतेम एक किलोमीटर आहे. इमारतींची चित्रे काढण्याऐवजी मी वहीत वेगळ्याच खुणा केल्या : कोणत्या बँकेच्या दाराशी पहारेकऱ्याची खुर्ची आहे, टॅक्सी कुठे उभ्या राहतात, कोणते औषधांचे दुकान उशिरापर्यंत उघडे असते, फूटपाथ कुठे उखडलेला आहे, खोदकामाचे पत्रे कुठे लावले आहेत. पहारेकऱ्यांना मी विचारलेही, "दादा, रात्री इथे कोण असतं?" बहुतेकांनी आपुलकीने उत्तर दिले. फोर्ट हा कचेऱ्यांचा भाग असल्याने रात्री आठनंतर तो झपाट्याने रिकामा होतो, ही गोष्ट मला त्यांच्याकडूनच नीट कळली. दिवसा सर्वांत गजबजलेला रस्ता रात्री सर्वांत निर्मनुष्य असू शकतो.

पहिल्या रात्री नऊ वाजता निघाले. अंगावर साधा सलवार-कुर्ता, पायात मळलेले बूट, खांद्यावर आडवी अडकवलेली लहान पिशवी. ती नेहमी इमारतींच्या बाजूला ठेवायची, रस्त्याच्या बाजूला नाही, कारण दुचाकीवरून हिसका मारणाऱ्याला तीच बाजू सोयीची असते. समोरून येणारी वाहने दिसतील अशाच बाजूने चालायचे. पन्नास आणि शंभरच्या नोटा मिळून पाचशे रुपये एका खिशात आणि एक पाचशेची नोट बुटात, असे पैसे वाटून ठेवले होते. फोन पाहायचा असेल तेव्हा थांबायचे, पाठ भिंतीला लावायची आणि मगच पाहायचा. चालता चालता पाहायचा नाही, हा नियम मी तिन्ही रात्री पाळला.

महापालिका मुख्यालयाच्या बाजूने उभे राहून टर्मिनस पाहिले तेव्हा मला काही क्षण हुंदका आवरावा लागला. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आखलेल्या या इमारतीचे बांधकाम १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षे चालले आणि २००४ साली तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, हे सगळे पाठ होते. दिव्यांच्या तिरप्या उजेडात दगडी कोरीवकामाला जी खोली येते, ती मात्र कोणत्याही पुस्तकात दिसली नव्हती. प्रवेशद्वाराच्या खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ आहे, त्यांच्या आयाळीच्या आणि पट्ट्यांच्या रेषा रस्त्यापलीकडूनही मोजता येत होत्या. समोरचे मुख्यालयही स्टीव्हन्स यांचेच, १८९३ साली पूर्ण झालेले. मी तिथे चाळीस मिनिटे थांबले. आजूबाजूला लांब पल्ल्याच्या गाड्यांचे प्रवासी, टॅक्सीवाले आणि सायकलवर चहाची किटली घेऊन फिरणारा एक मुलगा, असा राबता असल्याने भीती अशी वाटलीच नाही.

दादाभाई नौरोजी रस्त्यावरील इमारतींच्या कमानींखाली त्या वेळी अंथरुणे पसरली जात होती. दिवसभर राबून तिथे झोपणाऱ्या या माणसांकडे पाहुणे घाबरून बघतात, हे मला अन्यायाचे वाटते. लहान मुलांना थोपटणाऱ्या आया तिथे होत्या. ते त्यांचे घर आहे हे ध्यानात ठेवून मी कमानींखालून न जाता बाहेरच्या कडेने, आवाज न करता चालले आणि फोटो काढले नाहीत.

हुतात्मा चौकात, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील हुतात्म्यांच्या स्मारकापाशी, पोलिसांचे गस्तीचे वाहन थांबले. त्यातील महिला पोलिसांनी विचारले, "ताई, एकट्याच? कुठे उतरलात?" मी हॉटेलचे नाव आणि कामाचे स्वरूप सांगितले, वही दाखवली. त्यांनी महिलांसाठीचा १०३ हा मुंबई पोलिसांचा मदत क्रमांक माझ्या फोनमध्ये स्वतः जतन करायला लावला. पोलिसांनी विचारपूस केली की अनेकांना अपराध्यासारखे वाटते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ नुसार सूर्यास्त ते सूर्योदय या काळात संशयास्पद परिस्थितीत आढळणाऱ्या व्यक्तीवर कारवाई होऊ शकते, हे खरे. पण रस्त्यावरून चालणे हा गुन्हा नव्हे. शांतपणे, खरे उत्तर द्यावे आणि ओळखपत्र जवळ असावे, इतके पुरते. साडेदहाला मी खोलीवर परतले.

शुक्रवारी, १४ तारखेला, मरीन ड्राइव्ह ठरवला होता. सकाळी ओव्हल मैदानाच्या कडेने चालून आले. एका बाजूला १८७८ चा राजाबाई टॉवर आणि गॉथिक शैलीच्या इमारती, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको शैलीची निवासी रांग. या दोन्ही मिळून २०१८ साली जागतिक वारसा ठरल्या. रात्री नऊनंतर चर्चगेटहून समुद्राकडे गेले. मरीन ड्राइव्ह हा पाहुण्यांसाठी रात्री चालायला सर्वांत सोपा रस्ता आहे, असे माझे मत झाले. फूटपाथ रुंद आहे, गल्ल्या फुटत नाहीत, त्यामुळे वाट चुकण्याचा प्रश्न नाही, आणि कुटुंबे उशिरापर्यंत कठड्यावर बसलेली असतात. त्या दिवशी तर व्हॅलेंटाइन डे असल्याने तरुण जोडप्यांची गर्दी आणि बंदोबस्त दोन्ही अधिक होते. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते : कठड्यापलीकडच्या काँक्रीटच्या चौपायी ठोकळ्यांवर उतरू नये. ते शेवाळाने निसरडे असतात, त्यांच्यामधल्या फटी खोल असतात आणि अंधारात लाट कुठवर येईल हे दिसत नाही. माझ्यासमोर दोन मुले फोटोसाठी उतरली, तेव्हा मी त्यांना हाक मारून वर बोलावले आणि ती आलीही.

गिरगाव चौपाटीला पोहोचायला अकरा वाजले. पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते आणि चंद्र चांगलाच वर आला होता. परतीसाठी चर्नी रोडहून लोकल घेतली. तिकीट पाच रुपये, स्थानकावरील क्यूआर कोड रेल्वेच्या यूटीएस ॲपने वाचून काढले. नवख्या स्त्रियांनी हे जाणून घ्यावे की महिलांसाठी राखीव असलेले सगळेच डबे रात्रभर राखीव नसतात. काहींचे आरक्षण ठरावीक वेळांपुरतेच असते. ज्या डब्यावर 'महिलांसाठी २४ तास' असे लिहिलेले असते, त्यातच बसावे. रात्री तिथे पोलीस किंवा होमगार्ड असतात. माझ्या डब्यातही होते. लोहमार्ग पोलिसांचा १५१२ आणि रेल्वेचा १३९ हे दोन्ही क्रमांक कागदावर लिहून ठेवले होते.

आणखी एक विषय, ज्याबद्दल कोणी लिहीत नाही. रात्री चालताना स्त्रियांना सर्वांत मोठी अडचण स्वच्छतागृहाची येते. त्या धास्तीने पाणी न पिता चालणे चुकीचे आहे. पहिल्या रात्री मी तसे केले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोके दुखत राहिले. नंतर मी मार्गाची आखणीच मोठ्या स्थानकांच्या आधाराने केली : निघताना टर्मिनस, मध्ये किंवा शेवटी चर्चगेट.

चर्चगेटला उतरले तेव्हा सव्वाबारा झाले होते. तिथून हॉटेल पंधरा मिनिटांवर असूनही मी टॅक्सीच केली, कारण मधला पट्टा त्या वेळी ओस असणार हे दुपारी पाहून ठेवले होते. जवळचे भाडे म्हणून दोघांनी नकार दिला, तिसरा तयार झाला. १ फेब्रुवारीपासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे किमान भाडे २८ वरून ३१ रुपये झाले होते आणि मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत पंचवीस टक्के अधिक आकारणी असते, म्हणून ३९ रुपये द्यावे लागले. बऱ्याच मीटरमध्ये नवा दर तोवर बसवलेला नव्हता; अशा वेळी चालकाकडील अधिकृत दरपत्रक मागून पाहावे. रिक्षा या भागात चालत नाहीत, त्यामुळे त्यांची वाट पाहू नये.

शनिवारची रात्र मी विसरू शकणार नाही. त्या दिवशी एशियाटिक सोसायटीचा टाउन हॉल पाहायचा होता. १८३३ साली पूर्ण झालेल्या या इमारतीच्या तीस पायऱ्यांवर दहा वाजेपर्यंत माणसे होती आणि मीही तिथे बसून स्तंभांचे रेखाटन केले. चित्रात मन गुंतले आणि उठायला अकरा वाजले. इथे माझी चूक झाली. आजूबाजूची माणसे कधी उठून गेली, याकडे माझे लक्षच राहिले नव्हते.

वीर नरिमन रस्त्याने हुतात्मा चौकाकडे जायचे ठरले होते, पण ज्या फूटपाथने दुपारी आले होते तो आता पत्र्यांनी बंद होता. मी शेजारच्या गल्लीत वळले. गल्लीत दिव्यांचा उजेड चांगला होता, म्हणून ती मला सुरक्षित वाटली. शंभर पावले गेल्यावर मागे चपलांचा आवाज आला. मी रस्ता ओलांडला, तोही आवाज पलीकडे आला. मी वेग वाढवला, तोही वाढला. घशाला कोरड पडली आणि आतापर्यंतचे सगळे नियम क्षणभर डोक्यातून निघून गेले. त्या लख्ख उजेडात मला पाहणारे एकही माणूस नव्हते.

मग वहीतली खूण आठवली. पुढच्या वळणावर एका बँकेच्या दाराशी खुर्ची होती. पळत न जाता, पण न थांबता मी तिथवर गेले आणि पहारेकऱ्यांना म्हणाले, "काका, इथे पाच मिनिटे थांबू का? मागून कोणीतरी येतंय." ते साठीचे गृहस्थ काहीही न विचारता उभे राहिले, खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि रस्त्याच्या मध्ये जाऊन हातातली बॅटरी त्या दिशेने धरली. तो माणूस कोपऱ्यावर थबकला आणि आल्या वाटेने परत गेला. त्याच्या मनात काय होते, याचा शोध घेण्याची गरज मला वाटली नाही, आणि कोणाला वाटूही नये. शंका आली एवढे कारण थांबायला, मदत मागायला आणि ११२ फिरवायला पुरेसे असते. तेवढ्यात भाचीचा फोन आला. संदेशाला चोवीस मिनिटे उशीर झाला होता. काकांनी टॅक्सी थांबवली, चालकाला ऐकू जाईल असा टॅक्सीचा क्रमांक मोठ्याने वाचला आणि तो मी फोनवर भाचीला सांगितला. मध्यरात्र व्हायची होती, म्हणून भाडे ३१ रुपये झाले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटे दादरच्या फूलबाजारात जायचे ठरले होते आणि ते सोडून द्यावे असे वारंवार वाटत होते. तीन वाजता उठून मी वही उघडली आणि तिन्ही दिवसांच्या खुणा पुन्हा पाहिल्या. जिथे मला निर्धास्त वाटले होते, त्या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी कामावर होते : चहावाला, टॅक्सीचालक, पहारेकरी, गस्तीवरचे पोलीस. दिव्यांची संख्या आणि माझी निर्धास्ती यांचा फारसा संबंध नव्हता. दादरचा बाजार पहाटे चारच्या सुमारास जागा होतो, म्हणजे तिथला अंधार कामावरच्या माणसांनी भरलेला असणार, असे मनाशी म्हणून मी उठले.

पावणेपाचला निघाले. हॉटेलच्या रात्रपाळीच्या मुलाला मुख्य रस्त्यापर्यंत सोबत येण्याची विनंती केली. अशी विनंती करण्यात संकोच बाळगू नये. तो आनंदाने आला. टर्मिनसबाहेर फूटपाथवर वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडून पुरवण्या घातल्या जात होत्या. रविवारी उपनगरी मार्गांवर मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास वाहतूक बंद, असतो, पण तो सहसा सकाळी उशिरा सुरू होतो. वेळापत्रक आदल्या दिवशी पाहून ठेवले होते. लोकलच्या चोवीस तास राखीव डब्यात माझ्यासोबत रिकाम्या टोपल्या घेतलेल्या सहा-सात बायका होत्या. त्यांच्यातली एक म्हणाली, "फूलबाजारला? मग आमच्या मागनं चला, पुलावर चुकाल." त्यांच्या मागोमाग मी पूल ओलांडून पश्चिमेला उतरले.

तिथे झेंडूचे ढीग, शेवंतीच्या जुड्या, केळीचे खांब आणि ओल्या पानांचा वास होता. हमाल डोक्यावर भारे घेऊन 'बाजू, बाजू' म्हणत धावत होते, त्यामुळे मध्ये उभे राहून चित्र काढणे शक्य नव्हते आणि योग्यही नव्हते. मी वीस रुपयांची वेणी घेतली आणि विकणाऱ्या बाईंना विचारून त्यांच्या पाठीमागच्या भिंतीशी बसले. पहिल्या अर्ध्या तासात हात थरथरत होता आणि रेषा तुटक आल्या. त्या मी खोडल्या नाहीत. सातच्या सुमारास उजाडले. तोवर बाईंच्या हातांची, सुईदोऱ्याची आणि टोपलीची चार पाने भरली होती.

डोंबिवलीहून सकाळच्या गाडीने निघालेली भाची साडेसातला बाजाराच्या तोंडाशी उभी होती. त्याच संध्याकाळी परतीच्या गाडीपूर्वी आम्ही दोघी त्या बँकेपाशी गेलो. काकांची पाळी सुरू झालेली होती. मी वेणीचे चित्र त्यांना दिले.